ताईच्या जॅकेटातली भोकं

चामड्याला टाचणी लावत नाहीत. कापडाला लावा, काढा, पुन्हा लावा, कापड विसरून जातं. चामड्यात टाचणी गेली की भोक राहिलंच, मग तुम्ही कितीही डोकं आपटा. म्हणून आम्ही चामड्याला चिमटे लावतो, दोरीवर कपडे वाळत घालायचे असतात ना, तसलेच. आत्ताही माझ्या दुकानात एक काळं जॅकेट टांगलेलं आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावलेले आहेत. त्या जॅकेटानं मला माझ्या बहिणीबद्दल जे सांगितलं, ते मी तिला वेळेवर बोलून दाखवलं नाही. एरवी माझ्या तोंडाला हाड नाही, हे सगळ्या शिरूरला माहीत आहे.

दुकान मूळचं आमच्या आप्पांचं, म्हणजे वडिलांचं. मिशनच्या शाळेचे गणवेश त्यांनी जन्मभर शिवले. तरुणपणी पुण्याला कॅम्पात एका चामड्याच्या कारागिराच्या हाताखाली होते, त्यामुळं तालुक्यात कुणाची चामडी बॅग उसवली की ती आमच्याकडं यायची. मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आता मी ब्लाऊज शिवते, कंपनीतल्या पोरांच्या पॅंटा आखूड करते, 'दीदी, कल तक दे दो' म्हणणाऱ्यांना 'कल मतलब कल, आज खडे मत रहो' असं खेकसते. खेकसल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नर्स. आधी आखातात होती, मग विलायतेत, आणि तिथल्या शेवटच्या दोन वर्षांत एका श्रीमंत म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करायची. दाजी रेल्वेत होते, ते गेल्यावर ताई कायमची परत आली आणि दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागं घेतलेल्या घरात राहू लागली. येताना तिच्या बॅगेत हे जॅकेट होतं. म्हातारीनं जाण्याआधी दिलेलं.

तसलं जॅकेट मी त्याआधी पाहिलं नव्हतं. विलायतेत पुरुष पार्टीला जो काळा कोट घालतात, टक्सिडो म्हणतात त्याला, त्याच कापाचं, पण बाईच्या अंगाचं आणि अख्खं चामड्याचं. चामडं इतकं मऊ की मुठीत धरून सोडलं तरी चुणी पडू नये. कॉलरच्या पट्ट्या साटिनच्या, बटण एकच, तेही साटिननं मढवलेलं. आत मानेशी लेबल, त्यावर सोनेरी धाग्यानं कुणाचं तरी नाव.

"आप्पा, हे डिझायनरचं हाय बरं का. चाळीस वर्षांपूर्वीचं. असली जुनी जॅकेटं तिकडं लोक जपून ठेवतात," ताई म्हणाली.

"डिझायनर म्हंजी शिंपीच की गं," आप्पा म्हणाले आणि चष्मा पुसून जॅकेट उलटं करून बसले.

ताईला ते घट्ट होत होतं. तेव्हा ती चांगली भरलेली होती, दंडाला दंड, गालाला गाल. नाताळात चर्चला घालायचं म्हणून तिला बगलेखाली सैल करून हवं होतं. आप्पांनी अस्तर उसवलं आणि शिवण उजेडाकडं धरली. मग मला जवळ बोलावलं. शिवणीच्या आत कडेला जो जादा पट्टा सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. त्या मायेत, चालू शिवणीच्या बाहेरच्या अंगाला, बारीक भोकांच्या दोन ओळी दिसत होत्या. म्हणजे मूळची शिवण सगळ्यात बाहेर होती. ती उसवून कुणीतरी आत घेतली, आणि ती उसवून आणखी आत घेतली. दोन वेळा जॅकेट लहान केलं होतं आणि करणाऱ्यानं माया कापली नव्हती.

"ही म्हातारी वाळत गेली असंल," आप्पा ताईला म्हणाले. "दोनदा आत घ्यावं लागलंय."

ताई बघतच राहिली. "तुम्हाला कसं कळलं? पोटाचं दुखणं होतं तिला. दोन वर्षं पुरी नाही काढली."

"हातातलं वाचता येतंय, दुसरं काय," आप्पा म्हणाले.

त्यांनी शिवण पुन्हा सगळ्यात बाहेर नेली, मूळच्याच भोकांतून. चामड्यावर नवीन भोकं पाडायची नाहीत, जुनी सापडली तर त्यातूनच जायचं, हा त्यांचा नेम. त्यामुळं आतल्या दोन ओळी बाहेरच्या बाजूला आल्या. आप्पांनी त्यांत मेण भरलं आणि काळं पॉलिश घासलं. हात खाली असला की दिसत नसे. ताईनं हात वर करायचाच नाही असं ठरलं, आणि त्या नाताळात तिनं प्रार्थनेतसुद्धा कोपरं अंगाला चिकटवून ठेवली म्हणून मी तिला दिवसभर चिडवलं.

आता आप्पांचा दुसरा एक नेम सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलं. गिऱ्हाइकाचं माप वाढलं तर हसून सांगावं. उतरलं तर गप वहीत लिहावं. अक्षरसुद्धा बोलायचं नाही. यामागं एक गोष्ट होती. आप्पांच्या उमेदीत केंदूरची एक नवी सून सासूबरोबर दुकानात आली होती. लग्नातल्या झंपरापेक्षा तिचं माप तीन इंच उतरलेलं. आप्पा सहज बोलून गेले, "पोरी, निम्मी झालीस की गं, जेवत न्हाईस का?" सासूनं ते ऐकलं, कुणाला तरी दाखवलं, छातीचा क्षय निघाला, आणि त्या लोकांनी पोरीला औषधाला न नेता माहेरी आणून टाकलं. ती जगली की गेली, आप्पांना कधी कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी उतरलेल्या मापावर तोंड उघडलं नाही आणि मलाही उघडू दिलं नाही. "आपल्या जिभंनं कुणाचा संसार उसवू नये," म्हणायचे. मला हा नेम पटलेला होता. खरं सांगायचं तर त्या एका बाबतीत मी सभ्य आहे याचा मला थोडा गर्वच होता.

आप्पा गेले. ताई रिटायर होऊन मजेत होती. दरवर्षी नाताळाआधी ती जॅकेट घेऊन एसटीनं चौफुल्यावर गाडी बदलत शिरूरला यायची. मी अस्तर तपासायची, साटिनचा मळ काढायची, आणि एखाद्या वर्षी 'आणखी खा केक' म्हणत बटणाचा दोरा थोडा सैल करून द्यायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात ती आली आणि म्हणाली, "जरा आत घे. सैल होतंय."

मी टेप लावला. छातीला दीड इंच उतरलं होतं. मी वहीत लिहिलं.

"चालायला जाते रोज," ताई आपणहून म्हणाली. "पार नदीपर्यंत."

"बरंय की," मी म्हणाले. "नाहीतर नुसती बसून टीव्ही बघत होतीस."

अस्तर उसवून चिमटे लावले तेव्हा शिवण बरोबर पहिल्या ओळीवर आली. म्हातारीसाठी पहिल्यांदा आत घेतली होती, त्या ओळीवर. मी मेण कोरून काढलं आणि त्याच भोकांतून सुई नेली. काम लवकर झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं, आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. ताई समोर स्टुलावर बसून माझ्या हाताकडं बघत होती. चहा मागवला, तिनं अर्धा ठेवला.

मे महिन्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी खुटबावला दिली. दौंडात संध्याकाळी हॉलवर रिसेप्शन होतं. मेच्या काहिलीत, कूलर ओरडत असताना, नवरीची आई साडीवर चामड्याचं जॅकेट घालून उभी! बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "विलायत अजून उतरली न्हाई वाटतं," एक मामी म्हणाली, तिला मी तिथल्या तिथं झापली. मग ताईकडं गेले आणि दात ओठ खाऊन म्हणाले, "काढ ते. शोभतं का? वाफारून निघशील."

"असू दे गं," ती म्हणाली. "मला गार वाटतंय."

मी तिचा हात धरला. माझ्या सगळ्या अंगाला धारा लागल्या होत्या आणि तिचा हात कोरडा आणि थंड होता. जॅकेट खांद्यावरून खाली आलं होतं. बगलेत माझी मूठ गेली असती एवढी जागा. फोटोवाल्यानं हात वर करायला सांगितलं तर तिनं केला, आणि दिव्याच्या उजेडात उरलेली ओळ मला स्पष्ट दिसली, मेण वितळून बाहेर आलं होतं.  मी काय केलं? जेवणाच्या रांगेत जाऊन पुऱ्या गार आहेत म्हणून आचाऱ्याशी भांडले.

लग्नानंतर बोलू, असं मी मनाशी म्हटलं. मग पोरगी नांदायला लागू दे, मग बोलू. मग आखाड लागला, म्हटलं, आता कशाला अभद्र काढायचं. आमच्यात आखाड पाळत नाहीत! तरी मी तेसुद्धा कारण वापरलं. फोनवर रोज बोलायचो आम्ही. मी तिला भाजीचे भाव सांगितले, शेजारणीची भांडणं सांगितली, आणि त्या एका गोष्टीवर तोंडात मिठाची गुळणी धरून राहिले.

ऑगस्टात ती पुन्हा आली. कुठलं लग्न नाही, नाताळ चार महिने लांब, बाहेर रिपरिप चालू, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जॅकेट.

"आत्ताच करून ठेव," म्हणाली. "पुढं तुला गर्दी होते."

दुकानात त्या वेळी आम्ही दोघीच होतो. मी टेप लावला. टेपाचं टोक नेहमीच्या जागेच्या इतकं पुढं आलं की मी पुन्हा लावला. ताई शाळेच्या प्रार्थनेला असल्यासारखी ताठ उभी होती आणि आरशातून माझ्या तोंडाकडं बघत होती. मी वही काढली. वरचे आकडे वाचले, खाली नवीन लिहिला. पेन नीट उठेना म्हणून दोनदा गिरवला. ती अजून बघतच होती.

"किती?" तिनं विचारलं.

माझ्या आयुष्यात मला कुणी इतका सोपा प्रश्न विचारला नव्हता. आणि मी म्हणाले, "थोडंसंच हाय. होतंय घेऊन."

तिनं मान हलवली आणि स्टुलावर बसली. मी चिमटे लावले. शिवण दुसऱ्या ओळीवर आली, शेवटच्या. मला वाटलं, चूक झाली असेल, चिमटे काढून पुन्हा लावले. तिथंच आली. मी चामड्याची तीनधारी सुई घातली आणि ती आपोआप म्हातारीच्या भोकांतून जात राहिली, एकातून दुसऱ्यात, मला जोर लावावाच लागला नाही. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. ती कशी गेली हे मात्र मला माहीत होतं. मी भराभर टाके घालत होते. ताई म्हणाली, "सावकाश कर, घाई न्हाई." मी सावकाश केलं. जॅकेट तिला अगदी बेतशीर बसलं. असं सुरेख बसलं की ती आरशासमोर जरा वळली आणि हसली. मी तिला स्टॅंडवर सोडायला गेले, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि एसटी हलली तेव्हा हात केला.

गणपती बसले त्या आठवड्यात ती बाथरूमच्या दारात पडली. पुण्याच्या दवाखान्यात नेलं. पोटात गाठ होती, आणि ती यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टर पोरगेलासा होता, त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "वजन एवढं उतरत होतं, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का?" मी त्याच्यावर ओरडले. तुम्ही लोक काय करता मग, असं काहीबाही बोलले. त्यानं ऐकून घेतलं.

ताई कॉटवर शांत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या कॉटशेजारी उभी राहिलेली बाई, तिला सगळं कळत होतं. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते आणि मला राहवलं नाही. मी तिच्यावरच चिडले. "तू नर्स ना? तुला कळलं न्हाई? काय धाड भरली होती तुला दाखवायला?"

"कळलं होतं गं," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीपासनं."

"मग?"

"धीर झाला न्हाई. हजार पेशंटना बोलले असेन, लवकर दाखवा म्हणून. स्वतःला न्हाई बोलता आलं. वाटायचं, कुणीतरी हाताला धरून न्यावं." तिनं उशी जरा वर सरकवली. मग म्हणाली, "दौंडात शिंपी न्हाईत का? दोन गाड्या बदलून मी तुझ्याकडं कशाला येत होते? म्हटलं, ही माझी भांडकुदळ बहीण, हिच्या तोंडाला कुलूप न्हाई. ही टेप लावंल आन् बोंब मारंल."

मी तिचे पाय घट्ट धरले होते.

"आप्पांनी त्या म्हातारीला न बघता ओळखलं," ताई म्हणाली. "तू तर मला बघत होतीस."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती.

नाताळाच्या आठ दिवस आधी ती गेली. जॅकेट घालून मला पुरू नका, असं तिनं आधीच बजावलं होतं. "चांगली वस्तू मातीत कशाला घालायची? पोरीला दे. तिच्या मापाचं करून दे," म्हणाली होती. लेकीनं ते वर्षभर कपाटातून बाहेर काढलं नाही. मीही मागितलं नाही.

गेल्या आठवड्यात ती काढून घेऊन आली. खुटबावहून, सासूला बरोबर घेऊन. तिच्या नवऱ्याच्या कंपनीत काहीतरी फंक्शन आहे, त्याला घालायचं म्हणाली. सासूबाई चांगल्या वाटल्या, माझ्यासाठी शेतातली वांगी घेऊन आल्या होत्या. बाकावर आणखी दोन बायका ब्लाऊज न्यायला बसल्या होत्या. पोरगी अगदी आईसारखी आरशासमोर उभी राहिली. मी टेप लावला आणि वही काढली, तिच्या लग्नातल्या ब्लाऊजचं पान.

दोन इंच उतरलं होतं.

 आरशात तिचं तोंड बघितलं. हनुवटी टोकदार झालेली. आणि तिनं माझी नजर पकडून हसत म्हटलं, "मावशी, मी चालायला जाते ना रोज."

आप्पा मागं उभे आहेत असं मला वाटलं. केंदूरची ती पोर, तिची सासू, सगळं डोळ्यांपुढं आलं. इथंही सासू बसलेली होती, हातभर अंतरावर, वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन. मला कळत होतं, गप्प बसावं, पोरीला नंतर फोन करावा, एकटीला गाठून सांगावं. एकटीला गाठायची वाट बघत मी एकदा नोव्हेंबरापासून ऑगस्टापर्यंत आले होते.

"दोन इंच उतरलंय," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाकावरच्या बायका दचकल्या. "लग्नात चौतीस होतीस, आता बत्तीस. जेवण जातंय का? पोटात दुखतंय का? खरं सांग."

"मावशी, हळू बोल ना!"

"हळू का? तुझी आई अशीच उतरली माझ्यासमोर. ह्याच आरशात. चल आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं."

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "म्हंजी? काय झालंय हिला?" त्यांनी आधी मला विचारलं, मग सुनेकडं बघितलं, आणि मग पदर सावरून जरा बाजूला सरकल्या. किती सरकल्या असतील, चार बोटं. मी बघितलं, पोरीनंही बघितलं.

"विहीणबाई, मला काय माहीत काय झालंय," मी म्हणाले. "माप उतरलंय एवढं माहीत आहे. तुम्ही बरोबर चला."

दुपारी साडेबारालाच मी शटर ओढलं. पोरगी रस्त्यात रडत होती. "काय केलंस तू हे? घरी काय तोंड दाखवू मी?" म्हणत होती, आणि मी तिचं मनगट धरून चालले होते, ते एवढं बारीक होतं की माझी बोटं एकमेकांवर येत होती. सासूबाई मागून येत होत्या, पण येत होत्या. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी लिहून दिली आणि म्हणाल्या, रिपोर्ट शुक्रवारी.

आज बुधवार आहे. पोरगी माझा फोन उचलत नाही. काल तिच्या सासूनं उचलला, "झोपलीय," म्हणाल्या आणि ठेवला. ती माहेरी आली तर येणार कुठं, तिला माहेर आता मीच. मी मागची खोली झाडून ठेवली आहे.

जॅकेट समोर टांगलेलं आहे. शिवण उसवून चिमटे लावून बघितले, ती जवळजवळ त्याच दुसऱ्या ओळीवर येते. मी सुई ओवलेली नाही. शुक्रवारपर्यंत ओवणार नाही.